दोन देशांचे कायदे आणि आपले एकत्र कुटुंब

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे नाव महाराष्ट्रीय वाचकांस अपरिचित नाही. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९१३ ते १९१६ या काळात तेथेच अर्थशास्त्रादी विषयांचे अध्ययन केले. या विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात कोरिया देशाच्या कायद्याच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र केंद्र आहे. कोरियाचा कायदा अमेरिकनांस समजावून द्यावा आणि अमेरिकेचा कोरियनांस, असा अशा केंद्रांचा दुहेरी हेतू असतो. त्यांचा वर्षभराचा क्रम ऐकावयास साधाच वाटतो. परदेशचे न्यायाधीश, वकील व अध्यापक येतात, काही महिने राहतात, ग्रंथालयात बसतात, व्याख्याने होतात, एखाद्या नव्या निकालावर दोन्ही देशांचे पंडित समोरासमोर बसून वाद करतात, विद्यार्थ्यांची जा-ये होते, आणि वर्ष संपले की पुन्हा तोच क्रम सुरू होतो. यात डामडौल फारसा नाही. परंतु असे दहा-वीस वर्षे चालले म्हणजे दोन देशांतील विद्वानांस एकमेकांच्या घराचे दरवाजे कोठे उघडतात हे कळू लागते, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे स्वतःच्या घराचे कोणते दार उगाच बंद राहिले आहे, हेही ध्यानी येते.

कोरियाचा कायदा अमेरिकेने का शिकावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अंमलाखाली होता. त्या अमलात जर्मनीच्या वळणाचा कायदा जपानमार्गे तेथे रुजला. महायुद्ध संपल्यावर दक्षिण भागात तीन वर्षे अमेरिकन लष्कराचा कारभार होता, आणि १९४८ साली दक्षिण कोरियाची राज्यघटना झाली. पुढे २००९ साली त्या देशाने अमेरिकन धर्तीची, पदवीनंतर तीन वर्षांच्या शिक्षणक्रमाची पंचवीस लॉ कॉलेजे उघडली. २०१२ साली दोन्ही देशांतील मुक्त व्यापाराचा करार अंमलात आला. व्यापाराच्या पाठोपाठ करार येतात, करारांच्या पाठोपाठ तंटे, आणि तंट्यांच्या पाठोपाठ कायदा. तेव्हा एकमेकांचा कायदा शिकण्याची गरज दोघांसही पडली.

कायद्यातील एखादा शब्द किती दूरचा प्रवास करून येतो, याचे उदाहरण आपल्याही राज्यघटनेत आहे. १९४७ साली घटनासमितीचे सल्लागार सर बेनेगल नरसिंह राव अमेरिकेस गेले असता तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. त्यानंतर जीवित व स्वातंत्र्य यांच्या रक्षणाच्या कलमातून अमेरिकन घटनेतील सुप्रसिद्ध शब्दप्रयोग गळाला, आणि 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हा जपानी घटनेच्या वळणाचा प्रयोग त्या जागी आला. जपानची ती घटना अमेरिकन ताब्याच्या काळात, १९४६ साली झालेली! आपल्या घटनेचे एकविसावे कलम दिल्लीत लिहिले गेले खरे. पण त्याच्या शब्दांस वॉशिंग्टन व टोकियो या दोन्ही नगरांचा वास आहे.

असो. राज्यघटनेची चर्चा विद्वानांनी करावी. माहूरच्या डोंगरावर बसून आम्हांस या विषयाचे जे अगत्य वाटते ते घरासाठी; एकत्र कुटुंब, वंश, गोत्र, वडिलार्जित जमीन आणि त्यात मुलीचे स्थान यांसाठी. कारण या बाबतीत कोरियाचे घर आणि आपले घर यांत जे साम्य आहे ते पाहून मन थक्क होते.

कोरियात आडनावे थोडी. परंतु प्रत्येक आडनावास मूळपुरुषाचे एक ठिकाण जोडलेले असते, आणि आडनाव व ठिकाण मिळून एक वंश होतो. आपल्या गोत्रप्रवरासारखीच ही व्यवस्था समजावी. एका वंशातील स्त्रीपुरुषांचा विवाह तेथील कायद्याने निषिद्ध होता. मग ते कितीही दूरचे असोत. वंशाच्या सामाईक जमिनी असत, पूर्वजांची श्राद्धे असत, आणि श्राद्धाचा अधिकार ज्येष्ठ पुत्राकडे असे. प्रत्येक कुटुंबास कायद्याने नेमलेला एक पुरुष-प्रमुख असे. तो वारला म्हणजे हे पद प्रथम मुलाकडे जाई. मुलगा पाळण्यात असला तरी विधवा आई आणि आजी यांच्यावर दप्तरी प्रमुख तोच! आपल्याकडील 'कर्ता' या शब्दाची वाचकांस येथे आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कायद्यांची तुलना ही पाश्चात्त्यांनी शिकविलेली विद्या आहे असा एक समज आहे. तो आमच्या मते बरोबर नाही. एकत्र कुटुंबाचा जो कायदा बंगाल-आसाम वगळता बहुतेक हिंदुस्थानात चालला, तो विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'वरून. हा ग्रंथ याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका असून तो कल्याणी येथे, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या सुमाराच्या राजवटीत लिहिला गेला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आता कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात असले तरी लातूर जिल्ह्याच्या शेजारचेच; निलंगा-उदगीरकडील मंडळीस ते परके नाही. ज्या कायद्याने कोट्यवधी कुटुंबांची वाटणी ठरली तो आपल्या अंगणात लिहिला गेला, हे मराठवाड्यातील किती सुशिक्षितांस ठाऊक असेल?

विज्ञानेश्वराची पद्धतीच मुळी तुलनेची. एकेका वचनावर पूर्वीच्या टीकाकारांनी काय म्हटले ते मांडावे, त्यांतील विरोध दाखवावा, आणि युक्तीने निर्णय करावा. पुत्रास वडिलार्जित धनात जन्मतःच स्वत्व प्राप्त होते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. बंगालच्या जीमूतवाहनाने 'दायभागा'त याच्या उलट मत स्वीकारले, की पित्याचे स्वत्व संपेपर्यंत पुत्रास काही नाही. 'सपिंड' या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धातील पिंड असे जीमूतवाहन धरतो. विज्ञानेश्वर म्हणतो, पिंड म्हणजे देह, आणि एका देहाचे अंश ज्यांच्यात आले ते सपिंड. या दुसऱ्या अर्थाने पाहू गेल्यास मुलगी ही मुलाइतकीच बापाच्या देहाचा अंश ठरते, हे सांगावयास नको.

आणि मुलीविषयी विज्ञानेश्वराने जे म्हटले आहे ते तर विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. पित्याच्या पश्चात भाऊ वाटणी करीत असता अविवाहित बहिणीस चतुर्थांश द्यावा, असे स्मृतिवचन आहे. या चतुर्थांशाचा अर्थ काय, यावर त्याच्या पूर्वीच वाद होता. भारुचीसारखे टीकाकार म्हणत की याचा अर्थ तिच्या लग्नापुरता पैसा. असहाय व मेधातिथी यांचा पक्ष असा की तो खरोखरीचा हिस्सा आहे. विज्ञानेश्वराने दोन्ही पक्ष तोलून दुसरा पक्ष स्वीकारला. मुलीस मिळावयाचे ते दयेचे दान नाही, तो दाय आहे, असा निर्णय कल्याणीच्या या पंडिताने नऊशे वर्षांपूर्वी दिला. विभक्त असता निपुत्रिक वारलेल्या पुरुषाच्या विधवेच्या वारशासही त्याने मान्यता दिली, आणि 'स्त्रीधन' या शब्दाचा अर्थ संकुचित न करता वारशाने किंवा वाटणीने आलेले धनही त्यात घातले.

मग हे सारे गेले कोठे? ते गेले परक्या न्यायासनापुढील अपुऱ्या तुलनेत. कोलब्रूक साहेबाने मिताक्षरेतील दायविभागाचे व दायभागाचे इंग्रजी भाषांतर १८१० साली प्रसिद्ध केले. इंग्रज न्यायाधीशांस साहाय्य करण्यासाठी कोर्टात शास्त्री नेमलेले असत. १८६४ साली ती पदेच रद्द झाली, आणि त्यानंतर भाषांतर व पूर्वीचे निकाल एवढ्यावर काम चालू लागले. १८६७ साली भगवानदीन दुबे विरुद्ध मैनाबाई या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की विधवेस पतीकडून वारशाने आलेली मिळकत हे तिचे स्त्रीधन नव्हे. तिला ती हयातीपुरती, मर्यादित अधिकाराने. विज्ञानेश्वराचा व्यापक अर्थ बाजूस पडला. अविवाहित बहिणीचा चतुर्थांशही कोर्टांनी लग्नखर्च व पोटगी यांवर आणून ठेवला. म्हणजे जो पक्ष मिताक्षरेने खोडून काढला होता तोच मिताक्षरेच्या नावाने देशभर चालू झाला!

येथे मुंबई इलाख्यास श्रेय दिले पाहिजे. सर रेमंड वेस्ट आणि जर्मन संस्कृतज्ञ बुह्लर यांनी मुंबईकडील कोर्टांतील शास्त्र्यांची उत्तरे एकत्र करून १८६७ पासून प्रसिद्ध केली. त्यामुळे येथील कोर्टांस शास्त्र व रूढी दोन्ही समोर ठेवून पाहता आले. निळकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ मुंबई बेटात, गुजरातेत व उत्तर कोकणात विशेष मान्य. हा निळकंठ काशीस राहिला तरी त्याचे घराणे मूळचे पैठणचे. मयूखाच्या आधारे बहिणीस भावाच्या वारसांत मानाचे स्थान मिळाले. मुंबई इलाख्यात बापाकडून वारशाने मिळकत आलेली मुलगी तिची पूर्ण मालकीण होई, तर इतर प्रांतांत तिला हयातीपुरताच उपभोग. म्हणजे मराठवाड्याच्या शेजारचे कल्याणी आणि मराठवाड्यातील पैठण या दोन ठिकाणांच्या विद्येचा लाभ जिला झाला ती मुलगी मुंबईकडची, मराठवाड्यातील नव्हे!

पुढे आपल्याच विद्वानांनी ही तुलना हाती घेतली. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० साली मयूख व याज्ञवल्क्यस्मृती भाषांतरासह छापली. पुण्यास इंडियन लॉ सोसायटीने १९२४ साली लॉ कॉलेज काढले. त्याचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनी हिंदु धर्मशास्त्राच्या मूळ ग्रंथांची एक मालाच संस्कृत व इंग्रजीत प्रसिद्ध केली. मिताक्षरेवरील 'बाळंभट्टी' ही टीका या मालेत आहे. ती लक्ष्मीदेवी या पायगुंडे घराण्यातील विदुषीच्या नावाने प्रसिद्ध असून स्त्रियांच्या हक्कांविषयी उदार म्हणून ओळखली जाते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे नाव तर सर्वांच्या तोंडी आहे. आरंभी सरकारी हायस्कुलात शिक्षक, मग हायकोर्टात वकील, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली 'भारतरत्न' झालेला हा पुरुष! एका शिक्षकाने हे केले याचा आम्हा शाळामास्तरांस अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. कोलंबियातील केंद्र आज जे करते, तेच या मंडळींनी पुण्या-मुंबईस बसून केले; फरक इतकाच की यांनी परक्याचा कायदा शेजारी ठेवून आपला हरवलेला अर्थ शोधला.

आमच्या माहूरास मात्र दोन कायद्यांचा सहवास ग्रंथांतून नव्हे, नदीमुळे घडला. येथे पैनगंगा गावास वळसा घालून जाते. पलीकडे वऱ्हाड. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि तेव्हापासून नदीच्या उत्तरेस इंग्रजी अमलाचे कायदे, तर दक्षिणेस निझामाचे. पलीकडचा दावा नागपुरापर्यंत जाई, अलीकडचा हैदराबादेस. पलीकडे इंग्रजी कागद, अलीकडे उर्दू. आमचा किनवट-माहूर मुलूख तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तो नांदेडास जोडला गेला. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सोयरीकसंबंध पूर्वीपासून. मुलगी नदी ओलांडून सासरी गेली म्हणजे तिचे देव तेच, भाषा तीच, सण तेच; कोर्ट मात्र निराळे. एकच मिताक्षरा दोन सरकारांच्या हाती दोन भाषांत बोले.

स्वराज्यानंतर एक कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी हिंदु कोड बिल पुढे नेण्याचा प्रयत्न केला. ते रखडल्यामुळे, आणि इतरही कारणांमुळे, त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा त्याग केला. त्या बिलाचे तुकडे होऊन जे कायदे झाले त्यांपैकी हिंदु उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी अंमलात आला. प्रिव्ही कौन्सिलने आखडलेली स्त्रीची मालकी या कायद्याच्या चौदाव्या कलमाने पूर्ण झाली, आणि बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस ठरली. परंतु वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मात्र मुलासच राहिला.

तो मुलीस कसा मिळाला हे पाहताना माहूरची सीमा पुन्हा आडवी येते. आंध्र प्रदेशाने ५ सप्टेंबर १९८५ पासून अविवाहित मुलींस सहदायाद ठरविले. महाराष्ट्राने हीच सुधारणा २२ जून १९९४ पासून केली, आणि त्या दिवसापूर्वी ज्यांची लग्ने झाली त्या मुलींस वगळले. आता असे समजा, की १९९० साली एकाच मांडवात दोन मुलींची लग्ने झाली. एक आदिलाबादच्या घरातील, दुसरी माहूरच्या. आदिलाबाद तेव्हा आंध्रात. त्या मुलीस वडिलार्जित जमिनीत जन्मसिद्ध हिस्सा आला. माहूरच्या मुलीस नाही. एक पिढी आधी दोघींची घरे एकाच जिल्ह्यात होती! ही विषमता ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्राच्या कायद्याने संपली. विवाहित असो वा अविवाहित, मुलगी जन्मतःच सहदायाद, कर्जाच्या बोज्यासह. आणि राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला जो अटकाव होता तोही गेला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. २००५ साली बाप हयात असला पाहिजे की काय, याविषयी कोर्टांत मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट नाही असा निर्णय दिला. कर्त्याच्या पदाविषयी दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते की ज्येष्ठ सहदायाद मुलगी असली तर तीही कर्ती होऊ शकते.

आता कोरियाची वाटचाल या शेजारी ठेवून पाहावी. तेथील १९६० च्या दिवाणी संहितेत मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, आणि लग्न होऊन दुसऱ्या घरात गेलेल्या मुलीचा चतुर्थांश. पुनः चतुर्थांश! १९९१ पासून सर्व अपत्यांचे वाटे समान झाले. सवंश विवाहाची बंदी तेथील घटना-न्यायालयाने १९९७ साली घटनाविरोधी ठरविली. आपल्याकडे सगोत्र विवाह १९४६ च्या कायद्याने वैध झालेला होता. म्हणजे या बाबतीत आपण अर्धशतक पुढे होतो. उलट ३ फेब्रुवारी २००५ रोजी त्याच न्यायालयाने पुरुष-कुटुंबप्रमुखाची पद्धती घटनेशी विसंगत ठरविली, आणि १ जानेवारी २००८ पासून ती दप्तरातून नाहीशी झाली; कुटुंबाऐवजी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद सुरू झाली. त्याच २००५ सालच्या जुलैत तेथील सर्वोच्च न्यायालयाने योंगिन-ली या वंशाच्या मुलींच्या दाव्यात निकाल दिला. वंशाची सामाईक जमीन विकून आलेल्या पैशात त्यांस पुरुषांच्या बरोबरीने वाटा मिळाला नव्हता. प्रौढ स्त्रियाही वंशाच्या सभासद आहेत, असे न्यायालयाने ठरविले. दोन देशांत, एकमेकांस न विचारता, एकाच वर्षी, मुलगी बापाच्या वंशाची झाली.

दोन्हीकडे विरोधही सारखाच झाला. कोरियातील कन्फ्यूशियस-मताचे वृद्ध पंडित म्हणत की वंश मोडेल, श्राद्धे बुडतील. आपल्याकडील मंडळी म्हणतात की मुलीस लग्नात दिले तेच पुष्कळ. जमिनीचे तुकडे होतील. भावाबहिणीचे प्रेम जाईल. या आक्षेपांस हसण्यावारी नेणे बरे नव्हे. कोरडवाहू आठ एकरांचे चार वाटे झाले तर कोणाचेच पोट भरत नाही, हे मराठवाड्यातील माणसास कोणी शिकवावयास नको. परंतु तुकडे तर चार भावांतही होतात. तेथे कोणी एका भावास तुकड्यांच्या भीतीने वगळीत नाही. लग्नातील देणेघेणे म्हणावे तर ते बहुधा सासरच्या हाती जाते. मुलीच्या नावे उरते काय? आणि प्रेमाविषयी म्हणावयाचे तर, जे प्रेम बहिणीच्या अज्ञानावर उभे आहे ते टिकविण्याचा अट्टाहास कशासाठी?

अज्ञान हा शब्द आम्ही जाणून वापरतो. कायदा २००५ साली झाला, परंतु वडील वारल्यावर वारसांच्या नोंदीत बहिणींची नावे लागतात आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात, हा प्रकार आमच्या भागात नित्याचा आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः दोन मुलांची आई, काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, दादानं कागद पाठवलाय. सही नाही केली तर माहेर तुटेल, आणि केली तर काय जातंय तेच मला माहीत नाही. करू का सही?" आम्ही म्हटले, "बाई, करावी की न करावी हे तू ठरव. पण आधी जमीन किती, तुझा वाटा किती, हे सातबाऱ्यावर पाहा. आणि दादालाच म्हण, की मला वाचून दाखव." तिने तसे केले. दादाने वाचून दाखविले. शेवटी तिने आपल्या वाट्यातील शेत भावास दिले आणि घरातील आपला हिस्सा राखला. आज ती माहेरी येते ती पाहुणी म्हणून नव्हे. या उदाहरणावरून सर्वांनी असेच करावे असे आम्ही म्हणत नाही. हक्क सोडणे हाही हक्कच आहे. परंतु काय सोडतो हे न कळता जे सुटते त्यास त्याग हे नाव शोभत नाही.

माहूर हे रेणुकामातेचे क्षेत्र. पित्याच्या आज्ञेवरून पुत्राने मातेचा वध केला, आणि वर मागताना प्रथम तिचेच प्राण परत मागितले, ही कथा येथे येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. घरातील पुरुषाची आज्ञा आणि घरातील स्त्रीचे जीवित यांमधील ताण आपल्या पूर्वजांनी ओळखला होता. आणि पूजा त्यांनी बांधली ती आज्ञा देणाऱ्याहून अधिक त्या मातेची. हे ध्यानात घेता, येथील घरांस मुलीच्या वाट्याची गोष्ट परकी वाटू नये.

म्हणून आमची एक सूचना आहे. नांदेड येथे १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. नांदेडास नारायणराव चव्हाण लॉ कॉलेज आहे, लातुरास दयानंद लॉ कॉलेज आहे. मराठवाड्याचा कायदा एका काळी कल्याणीस घडला, मग हैदराबादेच्या उर्दू दप्तरात राहिला, मग मुंबईच्या कोर्टांत आला. इतके कायदे ज्या भूमीने पाहिले तेथे कोलंबियासारखा एक वार्षिक उपक्रम चालविणे अशक्य नाही. वर्षातून दोन दिवस. पहिल्या दिवशी मिताक्षरेतील एक प्रकरण संस्कृतज्ञाने मराठीत समजावून द्यावे, आणि त्या विषयावरील नवे निकाल वकिलाने सांगावे. दुसऱ्या दिवशी एखाद्या परदेशाच्या घराचा कायदा, मग तो कोरियाचा असो वा जपानचा, विद्यार्थ्यांनी मांडावा. त्यास खर्च थोडा लागतो, चिकाटी मात्र फार लागते. आणि श्रोत्यांत वकीलच नसावे. तलाठी असावे, शिक्षक असावे, आणि मुख्यतः ज्यांच्या सह्या घेतल्या जातात त्या लेकी-बहिणी असाव्यात.

तोपर्यंत वाचकांनी आपापल्या घरी हे काम करण्यास हरकत नाही. ज्या घरी हे मासिक येते त्या घरी सातबारा वाचता येतो, आणि दिवाळीस भाऊबिजेच्या निमित्ताने बहीणही येते. त्या दिवशी ओवाळणीच्या तबकाबरोबर घरच्या मिळकतीचा कागद भावाने आपण होऊन तिच्यापुढे ठेवावा व मोठ्याने वाचून दाखवावा. मग तिने वाटा घ्यावा, सोडावा, की भावाकडेच कसावयास ठेवावा, हे दोघांनी मिळून ठरवावे. एका घरी जरी असे घडले तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.